कड्यावरची भाषा आणि बैठकीतली भाषा

१

खंडाळ्याच्या घाटात नागफणीचा कडा आहे. वेलिंग्टनच्या ड्यूकच्या नाकासारखा दिसतो म्हणून इंग्रजांनी त्याला 'ड्यूकचे नाक' म्हटले; इकडचे लोक नागफणीच म्हणतात. दोर लावून कडा उतरण्याचा छंद असलेली मंडळी येथे येतात. मी स्वतः दोराला लोंबकळत नाही, पण माथ्यावर बसून हा खेळ पुष्कळदा पाहिला आहे. तेथील भाषा ऐकण्यासारखी असते. 'थांब!' 'हात सोडू नको!' 'ए, मागे हो, गाठ बघ आधी!' उतरणारा बँकेतला अधिकारी असो की शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, दोर धरून उभा असलेला पंचविशीतला पोरगा त्याच्यावर एकेरीत ओरडतो. खाली पाय टेकल्यावर तो अधिकारी त्या पोराचे आभार मानतो. 'तू माझ्याशी उद्धटपणे बोललास' अशी तक्रार केलेली मी आजवर ऐकलेली नाही.

हीच मंडळी महिन्यातून एकदा बैठकीला बसतात तेव्हा भाषा पार बदलते. किल्ले, लेणी, घाटवाटा, पक्षी, झाडे यांची आवड असलेल्या अशा एका मंडळात मी काही वर्षे जात आहे. खंडाळ्यात एका सभासदाचा बंगला आहे, तेथे आम्ही जमतो. कोणी छायाचित्रे दाखवतो, कोणी टिपण वाचतो, मग चर्चा होते. मंडळाचे तीन नियम आहेत: राजकारण नको, जातपात नको, कडवटपणा नको. बोलताना प्रत्येक जण दुसऱ्याला 'आपण' म्हणतो. मतभेद असेल तर 'नम्रपणे सुचवावेसे वाटते' अशी सुरुवात होते. मात्र त्याच वेळी बाहेरच्या व्हरांड्यात बंगल्याच्या माळीदादांना, त्यांच्या निम्म्या वयाचा माणूस 'ए, चहा आण रे' म्हणून हाक मारत असतो. आत 'आपण' आणि बाहेर 'ए', मध्ये एक उंबरठा.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला मी या बैठकीला नेले. त्या दिवशी विषय होता मावळातील लेणी. वक्ते निवृत्त अधिकारी, वाचन दांडगे, आवाज मऊ. कार्ल्याची चित्रे दाखवत ते म्हणाले, "हे कोणी कोरले हे सांगणे अवघड आहे. लोक पांडवांचे म्हणतात. आपण धर्माच्या वादात न पडता कलेचा आनंद घेऊ या." चर्चा सुरू झाली तेव्हा माझा विद्यार्थी उठला आणि म्हणाला, "सर, हे चूक आहे. कोणी कोरलं ते तिथं भिंतीवर लिहिलेलं आहे. तुम्ही वाचलं नाही, एवढंच."

बैठक गार झाली. अध्यक्ष म्हणाले, "मुद्दा असेलही. पण मांडण्याची एक रीत असते. आपल्या मंडळाचा एक दर्जा आहे." त्यानंतर वीस मिनिटे चर्चा झाली ती त्या मुलाच्या स्वराची. नवी पिढी, संयम, संस्कार हे सगळे शब्द येऊन गेले. भिंतीवर काय लिहिले आहे, हे एकानेही विचारले नाही. मीही काही बोललो नाही.

परतताना लोणावळ्याला लोकलमध्ये बसल्यावर मी त्याला म्हणालो, "थोडं गोड बोलायला हवं होतंस." त्याने विचारले, "गोड म्हणजे कसं, सर? तुम्ही वाक्य सांगा, मी तसं म्हणतो." मळवली आले, कामशेत आले, माझ्याजवळ वाक्य नव्हते. तो पुन्हा बैठकीला आला नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

२

प्रथम भिंतीवर काय लिहिले आहे ते सांगितले पाहिजे, कारण हा वाद चवीचा नाही, वस्तुस्थितीचा आहे. कार्ल्याचे चैत्यगृह बौद्ध आहे, हे त्यातील स्तूपच सांगतो. त्यातील ब्राह्मी लेख एमिल सेनार या फ्रेंच पंडितांनी वाचून १९०२-०३ च्या 'एपिग्राफिया इंडिका'च्या सातव्या खंडात प्रसिद्ध केले. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने हे शैलगृह पूर्ण केले आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे, असे एक लेख अभिमानाने सांगतो. बऱ्याच खांबांवर ते देणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकट या गावचे यवन आहेत, भिक्षू आहेत. सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने दाराचे दान दिले. आणि एका दाराशी लिहिले आहे की हे काम धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, केले. ज्या देशात हाताने काम करणाऱ्याचे नाव कोणी लिहून ठेवत नसे, त्या देशात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका सुताराचे नाव, बापाच्या नावासकट, दगडात कोरले गेले. जवळच्या बेडसे लेण्यातही नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख आहे. तेव्हा 'कोणी कोरले हे सांगणे अवघड आहे' हे वाक्य कितीही मऊ आवाजात उच्चारले तरी ते असत्य आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वक्त्यांचे वाक्य सभ्य होते आणि खोटे होते. विद्यार्थ्याचे वाक्य रोखठोक होते आणि खरे होते. बैठकीने सभ्य खोट्याला आसन दिले आणि रोखठोक खऱ्याला संस्कार शिकवले. असे का होते?

भाषाशास्त्रज्ञांनी यावर विचार केला आहे. पेनेलोप ब्राऊन आणि स्टीफन लेव्हिन्सन या दोघांचा सभ्य बोलण्यावरील ग्रंथ प्रसिद्ध आहे. तो प्रथम १९७८ साली एका संग्रहात आणि १९८७ साली स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाला. इंग्रजी, मेक्सिकोतील त्सेल्ताल आणि दक्षिण भारतातील तमिळ या तीन भाषांच्या आधारे त्यांनी आपली मांडणी केली. तिचा गाभा सोपा आहे. प्रत्येक माणसाला चारचौघांत आपली एक प्रतिमा असते. मराठीत आपण तिला 'आब' म्हणतो. चूक दाखवणे, नकार देणे, मागणी करणे या सर्व गोष्टींनी समोरच्याच्या आबेला धक्का बसतो. तो धक्का सौम्य करण्यासाठी आपण आडवळणाने बोलतो. किती आडवळण घ्यायचे हे तीन गोष्टींवर ठरते: समोरच्याची आपल्यावरची सत्ता, दोघांमधील अंतर, आणि जे बोलायचे आहे त्याचे वजन.

मग आडवळण न घेता सरळ केव्हा बोलले जाते? या अभ्यासकांच्या मते मुख्यतः दोन प्रसंगी. एक, तातडी असते तेव्हा. आग लागली असता कोणी विनंतीवजा बोलत नाही. दोन, बोलणाऱ्याची सत्ता इतकी मोठी असते की ऐकणाऱ्याची आब राखण्याची त्याला गरजच वाटत नाही.

हे वाचले आणि मला आमचे मंडळ समोर दिसले. पहिला प्रसंग नागफणीचा कडा. दुसरा प्रसंग बंगल्याचा व्हरांडा. म्हणजे स्पष्ट बोलणे या मंडळींना अजिबात अपरिचित नाही. दोराच्या टोकाशी ती ते आनंदाने ऐकून घेतात आणि माळीदादांशी ती ते रोज बोलतात. त्यांना न चालणारे स्पष्ट बोलणे फक्त एकच: खालून वर जाणारे.

आपल्या समाजाला हे नवे नाही. मराठीतील आदराची क्रियापदे व्याकरणात सर्वांसाठी आहेत, व्यवहारात ती वाटून दिलेली होती. आपल्या आजोबा-पणजोबांना 'जोहार मायबाप' म्हणावे लागे, आणि उलट हाक यायची ती नावाची मोडतोड करून: रामाचा राम्या, महादूचा म्हाद्या. वरून खाली येणारा शब्द कितीही राकट असला तरी त्याला कोणी उद्धट म्हटले नाही. ती रीतच होती. खालून वर जाणारा शब्द कितीही रास्त असला तरी तो माज ठरे. 'जय भीम' या अभिवादनाने जे केले ते याच जागी केले. त्यात कोणी वर नाही, कोणी खाली नाही. पहिला जे म्हणतो तेच दुसरा म्हणतो. सभ्यता नाकारून नव्हे, तर सभ्यता दोन्ही बाजूंनी सारखी करून आपण जोहार सोडला. 'दलितांना सभ्यतेचे वावडे आहे' असे म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

३

'मुद्दा बरोबर आहे, पण भाषा चुकली' हे वाक्य आपल्या वाङ्मयीन आणि सामाजिक इतिहासात वारंवार भेटते. तीन प्रसंग घेऊ.

१८८५ साली पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरणार होती. न्यायमूर्ती रानडे यांनी जोतीराव फुले यांना अगत्याचे निमंत्रण दिले. जोतीरावांनी पत्र लिहून ते नाकारले. जे लोक सर्वांना माणूस म्हणून हक्क देण्याचा खुलेपणाने विचारही करत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचे जुळणार नाही, असा त्या पत्राचा आशय. निमंत्रण गोड होते, नकार कडू होता. परंतु जोतीरावांनी रानड्यांच्या सौजन्यावर आघात केला नाही. सौजन्याच्या पंक्तीत कोणाला पानच वाढलेले नाही, एवढे दाखवून दिले.

दुसरा प्रसंग १९३६ सालचा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या वार्षिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दिले. हे मंडळ सुधारकांचे, निमंत्रण आदराचे. भाषणाचा मसुदा हाती आल्यावर मंडळाला काही भाग अडचणीचे वाटले आणि ते वगळावेत अशी विनंती झाली. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले. परिषद रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापले. पहिल्या आवृत्तीच्या १५०० प्रती लवकरच संपल्या. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या नावाने आपण जे वाचतो ते हेच न झालेले भाषण. ते ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की त्यात शिवी नाही, आरडाओरडा नाही. प्रतिपक्षाचे म्हणणे आधी मांडायचे, मग पुरावा, मग निष्कर्ष, अशी कायदेपंडिताला शोभेल अशी ती रचना आहे. सभ्यतेची सर्व कलमे पाळूनही ते भाषण सभागृहाबाहेरच राहिले. म्हणजे आक्षेप स्वराला नव्हता, आशयाला होता.

तिसरा प्रसंग १९७२ सालचा. दलित पँथरचा जन्म याच वर्षीचा. स्वातंत्र्याला २५ वर्षे पूर्ण झाली त्या १५ ऑगस्टच्या 'साधना'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. दलित स्त्रीच्या अब्रूवर हात टाकणाऱ्याला ५० रुपये दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला ३०० रुपये दंड, ही तुलना त्या लेखाच्या मुळाशी होती. ध्वजाबद्दल त्यांनी वापरलेल्या शब्दांवरून महाराष्ट्रात गदारोळ उठला. दुर्गा भागवतांसारख्या विदुषींनीही आक्षेप घेतला. शब्द जहाल होते, यात शंका नाही. पण त्या गदारोळात चर्चा जितकी शब्दांची झाली तितकी त्या दोन आकड्यांची झाली नाही. आमच्या खंडाळ्याच्या बैठकीत वीस मिनिटांत जे घडले तेच तेथे मोठ्या प्रमाणावर घडले होते.

हे तीन प्रसंग एकत्र ठेवले की एक कसोटी हाती येते. 'भाषा सौम्य करा' असे कोणी म्हणाले तर एकदा तेच म्हणणे अगदी सौम्य करून पाहावे. आक्षेप गेला, तर तो खरोखर भाषेला होता. आपण सुधारणा करावी. आक्षेप राहिला, तर तो आशयाला होता आणि भाषा हे निमित्त होते.

मी ही कसोटी लावून पाहिली. काही महिन्यांनी त्याच मंडळात मी कार्ल्याच्या लेखांवर टिपण वाचले. 'आपण', 'कदाचित', 'अभ्यासकांचे असे मत दिसते' असे सर्व गालिचे अंथरले. कोणाची चूक दाखवली नाही. शेवटी टाळ्या झाल्या. अध्यक्ष म्हणाले, "फार अभ्यासपूर्ण. थोडे एकांगी वाटले, पण छान." पुढच्या महिन्याच्या सहलीच्या पत्रकात कार्ल्याविषयी पुन्हा 'पांडवकालीन मानली जाणारी लेणी' असेच छापून आले. विद्यार्थ्याच्या एका वाक्याने निदान बैठक गार तरी झाली होती. माझ्या चाळीस मिनिटांनी काहीच झाले नाही.

४

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की रोखठोक बोलणे म्हणजेच खरे बोलणे आणि गोड बोलणे म्हणजे लबाडी. चळवळीतल्या आपल्या तरुणांत हा समज पुष्कळ आहे. मीही काही काळ त्याच मताचा झालो होतो. त्याचे काय झाले, ते लपवून ठेवणे बरोबर होणार नाही.

त्या टिपणानंतरच्या हिवाळ्यात मी विद्यार्थ्यांची एक तुकडी घेऊन कार्ल्याला गेलो. चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचे देऊळ आहे. कोळी, आगरी आणि इतरही अनेकांची ती कुलदेवता. मुंबई-कोकणातून माणसे नवस फेडायला येतात. पायऱ्यांच्या कडेला ओटीचे सामान, नारळ विकणाऱ्या बायका बसतात. उन्हाने मुले दमली होती. एका म्हाताऱ्या मावशींनी आपल्या हंड्यातले पाणी सगळ्यांना दिले, पैसे घेतले नाहीत, आणि कौतुकाने सांगू लागल्या: पांडवांनी हे एका रात्रीत कोरायला घेतले, कोंबडा आरवला आणि काम तसेच राहिले.

माझ्या डोक्यात खंडाळ्याची बैठक होती. मी मुलांसमोर त्यांना तोडून टाकले. "मावशी, खोटं आहे हे सगळं. तुमच्याकडे पुरावा काय? उगाच पोरांच्या डोक्यात भरवू नका."

त्या गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "मी काय शिकलेली न्हाई, सर. सासूनं सांगितलं त्येच सांगते."

वर जाताना एक मुलगी मला म्हणाली, "सर, त्यांनी आपल्याला पाणी दिलं." पाण्याचे मोल आपल्या लोकांना वेगळे सांगावे लागत नाही. ती पुढे काही बोलली नाही, आणि मला तिला उत्तर देता आले नाही.

मी जे बोललो ते खरे होते. पण जे वाक्य मी खंडाळ्याच्या बंगल्यात गिळले, ते मी कार्ल्याच्या पायरीवर ओकले. जेथे बोलण्याची किंमत पडली असती तेथे मी 'नम्रपणे सुचवले', आणि जेथे काहीच किंमत नव्हती तेथे मी सत्यवादी झालो. व्हरांड्यातला 'ए' आणि माझा 'पुरावा काय' यांत जातीचा फरक असेल, दिशेचा नव्हता. दोन्ही वरून खालीच आले. पहिल्या पिढीतल्या पदवीधराला हा धोका विशेष असतो. आपल्या आईसारख्या बाईला अडाणी म्हणण्याचे बळ पदवी फार लवकर देते. अधिकाऱ्याला चूक म्हणण्याचे बळ मात्र ती सहजासहजी देत नाही.

शिवाय दोषही तेथे नव्हता. मावशींना ब्राह्मी वाचण्याची संधी कोणी दिली नव्हती. छापून येऊन शतक उलटलेले लेख वाचायला मंडळाच्या वक्त्यांना कोणी अडवले नव्हते. एकीचे न जाणणे आणि दुसऱ्याचे न पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एकच भाषा लावणे हा अन्याय आहे.

याच परिसरात पायी हिंडलेल्या एका थोर माणसाची येथे आठवण होते. दामोदर धर्मानंद कोसंबी व्यवसायाने गणिती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम आणि घर पुण्याला, त्यामुळे डेक्कन क्वीनने याच घाटातून त्यांची ये-जा असे. इतिहास त्यांनी पोटासाठी केला नाही. या डोंगरांतून चालत त्यांनी लेणी, दगडी हत्यारे, ग्रामदेवता यांचा माग काढला. १९६२ सालच्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात ते सर्व आहे. विद्वानांशी वाद घालताना ते फटकळ होते, याची त्यांच्या लेखनात हवी तितकी साक्ष मिळते. पण खेड्यातला माणूस देवीची गोष्ट सांगू लागला की ती त्यांच्या दृष्टीने अभ्यासाचे साधन होती. गोष्ट खरी मानायची नाही, पण सांगणाऱ्याला तोडायचे नाही. ती तो का सांगतो हे शोधायचे. त्यांची धार वरच्या दिशेला होती.

५

मग माझ्या विद्यार्थ्याला काय सांगायचे? 'गोड बोल' हे उत्तर नाही, 'कडक बोल' हेही नाही. उत्तर मला सापडले ते ज्यांच्या लेण्यांवरून हा वाद झाला त्यांच्याकडेच.

मज्झिम निकायात अभयराजकुमाराचे सुत्त आहे. राजपुत्र अभय भगवान बुद्धांना पेचात पकडण्यासाठी विचारतो: तथागत दुसऱ्याला अप्रिय वाटेल असे बोलतात काय? हो म्हटले तर सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय, नाही म्हटले तर देवदत्ताला कठोर शब्द का बोललात, असा तो दुधारी प्रश्न. राजपुत्राच्या मांडीवर एक तान्हे मूल होते. बुद्ध विचारतात, या बाळाने काठीचा तुकडा किंवा खडा तोंडात घातला तर तू काय करशील? अभय म्हणतो, बोट घालून बाहेर काढीन, रक्त आले तरी काढीन, कारण मला बाळाची दया आहे. तेव्हा बुद्ध आपली रीत सांगतात. जे असत्य किंवा अहितकर ते तथागत बोलत नाहीत, मग ते कितीही प्रिय वाटो. जे सत्य आणि हितकर ते बोलतात, मग ते अप्रिय का असेना. मात्र ते बोलण्याची वेळ ते जाणतात.

या मापाने आमचे सगळे प्रसंग मोजून पाहावेत. वक्त्यांचे वाक्य प्रिय होते, पण असत्य. म्हणून ते सम्यक वाचेत बसत नाही, ते कितीही 'आपण' म्हणोत. विद्यार्थ्याचे वाक्य सत्य, हितकर आणि अप्रिय. मावशींना मी बोललो ते सत्य होते, पण त्यात हित नव्हते, वेळ नव्हती आणि दया तर मुळीच नव्हती. बोट घालून खडा काढणे वेगळे आणि कोणाच्या तोंडावर खडा मारणे वेगळे.

कड्यावरची भाषा सर्वांना का चालते, याचेही उत्तर यातच आहे. तेथे ओरडणाऱ्याला आपला जीव प्यारा आहे हे उतरणाऱ्याला ठाऊक असते, आणि दोर तुटला तर नुकसान दोघांचे असते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर आमच्या मंडळातही पावसाळ्यात पाण्यात उतरणाऱ्यावर ओरडणारा माणूस कोणाला उद्धट वाटत नाही. कारण धोका सर्वांना दिसला. बैठकीतला धोका मात्र सर्वांना दिसत नाही. सामी सुताराचे नाव पुसले गेले तर वक्त्यांचे काही जात नाही. ज्याच्या घरी बापजाद्यांचे नाव कोठेच लिहिलेले नाही त्या मुलाचे जाते. खोट्याची किंमत एकालाच मोजावी लागते, म्हणून त्याचे ओरडणे इतरांना अवाजवी वाटते. त्याला दिसणारा कडा इतरांना जमीन वाटत असतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात असे मला वाटते. एक, घाव विधानावर घालावा, माणसावर नाही. 'तुम्ही वाचले नाही' यापेक्षा 'भिंतीवर असे लिहिले आहे, वाचून दाखवतो' हे अधिक जोरकस आहे, कारण त्यानंतर स्वराची चर्चा करायला जागा उरत नाही. दोन, पुरावा हाताशी ठेवावा. तो नसेल तर कडक शब्द म्हणजे नुसता आवाज. तीन, आपला शब्द कोणत्या दिशेला चालला आहे ते बोलण्याआधी पाहावे. वर जाणारा शब्द धारदार असू द्यावा, खाली येणारा शब्द मऊ असावा. आपल्या समाजाने हजारो वर्षे नेमके उलटे केले. आणि चार, चर्चा मुद्द्यावरून स्वरावर घसरली की तेथे बसलेल्या वडीलधाऱ्याने ती परत मुद्द्यावर आणावी. हे काम त्या मुलाचे नव्हते. ते माझे होते. "स्वराचे नंतर बोलू, आधी लेख वाचू" एवढे एक वाक्य मी त्या दिवशी म्हणायला हवे होते. लोकलमध्ये जे वाक्य मला सापडले नाही ते हे. ते त्याने नव्हे, मी म्हणायचे होते.

मावशींकडे मी पुन्हा गेलो. माफी मागितली तर त्या संकोचून हसल्या. त्यांना सामी सुताराची गोष्ट सांगितली. त्यांनी नीट ऐकून घेतली आणि विचारले, "त्याची बायकोपोरं हितंच ऱ्हायली का?" हा प्रश्न एकाही बैठकीत कोणी विचारला नव्हता. मलाही त्याचे उत्तर येत नाही.

गेल्या पावसाळ्यात ते निवृत्त वक्ते मला लोणावळा स्टेशनवर भेटले. पिशवीत सेनार यांच्या लेखाची छायाप्रत होती. म्हणाले, "मी वाचले. तुमचा तो विद्यार्थी बरोबर होता." मी म्हणालो, "सर, हे मला नका सांगू. त्याला सांगा. आणि बैठकीत सांगा." मला वाटते, एवढे स्पष्ट मी त्यांच्याशी पहिल्यांदाच बोललो. त्यांनी विद्यार्थ्याचा पत्ता लिहून घेतला. अजून त्यांनी त्याला कळवलेले नाही. पुढच्या बैठकीत मी पुन्हा विचारणार आहे.